डेल्फीच्या दोन मात्रा

आईच्या कपाळावर डाव्या बाजूला, केस सुरू होतात तिथे, एक पांढरी रेघ होती. अर्ध्या बोटाएवढी. आरशासमोर उभी राहून ती कुंकू लावायला लागली की मला ती दिसायची. कधी विचारलंच तर "लहानपणी लागलं होतं गं" एवढं सांगून ती विषय संपवायची. एरवी माझी आई गप्पिष्ट. आमटीत मीठ का कमी पडलं याचीही हकीकत ती दहा मिनिटं सांगू शके. पण स्वतःला लागलं-खुपलं की तिचं बोलणं दोन शब्दांत आटपायचं. त्या रेघेचा आणि केंटकीच्या डोंगरात वाजणाऱ्या एका फिडलच्या चालीचा काही संबंध असेल असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी खांदे उडवून माझ्या खोलीत निघून गेले असते. चौदा वर्षांची होते. त्या वयात मला सगळंच कळत होतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. बाबा छातीचे डॉक्टर. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक जण न्यू जर्सीत नाहीतर शिकागोत स्थिरावले आणि बाबांना नोकरी मिळाली ती केंटकीच्या पूर्वेला, दोन डोंगरांच्या चिमटीत बसलेल्या एका कोळशाच्या गावात. तिथे सकाळी दहापर्यंत ऊन खाली उतरायचं नाही आणि दुपारी चारला ते परत वर चढायला लागायचं. कोळशाची मालगाडी घराच्या मागून जायची. ती जाताना फडताळातली स्टीलची भांडी बारीक आवाजात वाजत राहायची आणि आई कढईतला हात न थांबवता सांगायची, "आज भांडी काळी चारमध्ये वाजतायत." बाबा मान डोलवायचे. त्यांना काळी चार आणि पांढरी पाच यातला फरक आयुष्यभर कळला नाही, पण बायकोला कळतो याचं त्यांना फार कौतुक होतं.

तूरडाळ, पोहे आणि गोडा मसाला न्यू जर्सीतल्या एडिसनच्या प्रभाकरकाकांकडून पार्सलने यायचा, तोही त्यांना आठवण होईल तेव्हा. मधल्या काळात आम्हाला गावाने पोसलं असं म्हटलं तरी चालेल. बाबांचे पेशंट म्हणजे खाणीत उभं आयुष्य घालवून छातीत कोळशाची धूळ साठवलेले म्हातारे. क्लिनिकमध्ये हात हलवत येणं त्यांना कमीपणाचं वाटे. कोणी घेवड्याच्या शेंगा आणे, कोणी आंबट सफरचंदं, कोणी घरच्या कोंबड्यांची अंडी. एका सप्टेंबरात बाबा काचेची एक बरणी घेऊन आले, आत दाट, काळसर तांबूस काहीतरी. आईने झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "ही काकवी आहे."

होतीही तशीच. तिकडे ऊस होत नाही; ज्वारीच्याच जातीची गोड धाटं असतात, ती पिळून तो रस मोठ्या काहिलीत आटवतात. त्याला सोर्घम म्हणतात. आईच्या माहेरी, कोल्हापूरजवळच्या गावात, आजोबांचं गुऱ्हाळ होतं. तिचं सगळं लहानपण त्या वासात गेलेलं. तिने त्या संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, वर लोण्याचा गोळा आणि काकवी. आणि एक शब्द न बोलता जेवली. बाबा घाबरून तिच्याकडे बघत होते. शेवटी तिने विचारलं, कोणी दिली? बाबा म्हणाले, हॉबर्ट प्रुइट म्हणून एक पेशंट आहेत, सत्तरी ओलांडलेले. बायको कधीच गेली, एकटेच राहतात, आणि तुझ्यासारखं व्हायोलिन वाजवतात. ते त्याला फिडल म्हणतात, इतकंच.

आई लग्नाआधी नऊ वर्षं व्हायोलिन शिकली होती, गायकी अंगाने. तिच्या गुरुजींची एकच शिकवण तिच्या हाडात भिनली होती, आणि तीच तिने माझ्या हाडात भिनवायचा चंग बांधला होता: गज म्हणजे तुझा श्वास, गळा जिथे दम घेईल तिथेच गजाने थांबायचं. शाळेतून आल्यावर रोज तासभर सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून मी तिच्यासमोर बसायची. ती मराठीत सांगायची, मी इंग्रजीत कुरकुरायची. "आय नो, आई" हे माझं त्या वर्षांतलं सर्वात लाडकं वाक्य होतं. वर्गात कोणालाही मी हे सांगितलेलं नव्हतं. जमिनीवर बसून व्हायोलिन वाजवणारी मुलगी म्हणून ओळख व्हायला नको होती मला.

पुढच्या रविवारी दुपारी आईने प्रुइट यांना जेवायला बोलावलं. काटकुळा, उंच माणूस, इस्त्रीचा निळा शर्ट, हातात पिठाच्या पिशवीत गुंडाळलेलं फिडल. बोलताना दर वाक्याला थांबून दम घ्यायचे. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची नाही हा आईचा कायदा केंटकीतही लागू होता, त्यामुळे घरात ते पहिल्या दिवसापासून प्रुइटआजोबा झाले. तोंडावर मात्र मिस्टर प्रुइट. ते बाबांना डॉक म्हणायचे आणि आईला मिसेस डॉक. जेवण झाल्यावर त्यांनी फिडल काढलं आणि खालच्या दोन तारा पिळून वर चढवायला लागले. आई सतरंजीवर बसली होती, ती एकदम सावरून बसली. त्यांनी चारही तारांवरून गज ओढला आणि ती म्हणाली, "सा-प-सा-प." ते थांबले. तिने आपलं व्हायोलिन उचलून त्यावरून गज ओढला. त्याच चार तारा, तेच नातं. तिला वाटत होतं अमेरिकेत सगळे दुकानातल्या पुस्तकाप्रमाणे तारा लावतात. त्यांना वाटत होतं त्यांच्या डोंगरापलीकडे असं कोणीच लावत नाही. दोघंही हसायला लागली, आणि मग प्रुइटआजोबांना खोकला आला म्हणून बाबांना पाणी आणायला पळावं लागलं.

त्यानंतर ते दर रविवारी यायचे. ते खुर्चीवर, आई सतरंजीवर, मी मध्ये. ते एक चाल वाजवायचे आणि आई ती तिच्या लांब वहीत सरगममध्ये उतरवून घ्यायची. चालीला खालचा भाग आणि वरचा भाग असतो. आई त्यांना स्थायी आणि अंतरा म्हणायची आणि ते ऐकून प्रुइटआजोबाही महिनाभरात अगदी सहज 'अंतरा' म्हणायला लागले. मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटायचं. पण खरं सांगायचं तर रविवारची मी वाट बघायची.

ज्या चालीबद्दल मी हे सगळं लिहायला बसले आहे ती त्यांनी तिसऱ्या का चौथ्या रविवारी वाजवली. त्या चालीला ते 'डेल्फी' म्हणत. डेल्फी म्हणजे त्यांची आजी, त्यांच्या आईची आई. तिनेच ती चाल रचली असं ते म्हणत, आणि म्हणताना खाली बघत. कारण गावात बाकी कोणी ते मानत नव्हतं. कोर्टासमोरच्या हिरवळीवर मेजर हेल्टन नावाच्या गृहस्थांचा दगडी पुतळा होता, आणि लायब्ररीत काउंटीच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्या पुस्तकात ही चाल नोटेशनसकट छापलेली होती: 'मेजर हेल्टन्स मार्च', यादवी युद्धातून परतताना मेजरसाहेबांनी रचलेली. दर ऑक्टोबरात त्याच हिरवळीवर फिडलची स्पर्धा व्हायची आणि तिथे दर वर्षी ही चाल त्या नावाने वाजायची. प्रुइटआजोबांनी तरुणपणी एकदा तिथे ती आजीच्या नावाने वाजवायचा प्रयत्न केला होता. निवेदकाने माइकवर मेजरचंच नाव घेतलं, परीक्षकांनी 'ताल सांभाळत नाही' म्हणून गुण कापले, आणि ते पुन्हा कधी त्या स्टेजवर चढले नाहीत.

"मेजरचा पुतळा आहे, मिसेस डॉक," ते म्हणाले. "माझ्या आजीच्या थडग्यावर साधा दगडसुद्धा नाही. जी काय आहे ती ही चाल. माझी बोटं आता आखडली. एकदा, फक्त एकदा, त्या स्पर्धेच्या भोंग्यातून तिचं नाव ऐकायचंय मला." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कोणी काही विचारलं नव्हतं, पण आई मराठीत म्हणाली, "अंजू वाजवेल," आणि मी आयुष्यात पहिल्यांदा 'आय नो' म्हटलं नाही.

स्पर्धेला पाच आठवडे होते. ते वाजवताना आईने चाल लिहून घेतली. खालचा भाग सोळा मात्रा, सरळ. वरच्या भागात मात्र मध्येच गज एका तारेवर रेंगाळायचा, आणि त्याच क्षणी त्यांचं डोकं किंचित खाली जायचं, मग चाल पुढे. मोजलं तर अठरा मात्रा भरत. आईने पेन्सिल थांबवून त्यांच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. ते गेल्यावर तिने मला समजावलं: बिचारे, तिथे त्यांना दम लागतो. छाती साथ देत नाही, म्हणून थांबतात, मान खाली घालून श्वास घेतात. आपण तू वाजवताना ते नीट करू. आणि तिने वहीत त्या जास्तीच्या दोन मात्रा खोडरबरने पुसल्या. वरचा भागही सोळा झाला. टाळी देऊन तिने माझ्याकडून तो इतका घोटून घेतला की मला तो झोपेतही वाजवता आला असता. मी माझ्या आईचं कौतुक सांगायला बसले आहे, पण हेही सांगितलंच पाहिजे. तिने प्रेमाने केलं, आणि चूक केली.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी मी ती त्यांना वाजवून दाखवली. चांगली वाजवली. आई पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती, तिच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. प्रुइटआजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग फिडल पिठाच्या पिशवीत घातलं, पिशवीची गाठ मारली, आणि उभे राहिले.

"फार सुंदर वाजवलंस, पोरी," ते म्हणाले. "ही मेजरची चाल. पुस्तकात अशीच आहे."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आईने केलेला मसालेभात आम्ही तिघांनीच खाल्ला. आई कधी नव्हे ती चिडली होती. दम लागतो म्हणून थांबतात, हे कबूल करायला माणसाने इतकं का लाजावं, असं काहीतरी ती बोलत होती. बाबा जेवता जेवता म्हणाले, "अगं, पण ते फिडल फुंकून वाजवत नाहीत ना. त्यांची छाती मी नेहमी ऐकतो. दम त्यांना बोलताना लागतो, जिना चढताना लागतो. वाजवताना मी त्यांना एकदाही धाप लागलेली बघितली नाही. आणि लागलीच तर दर वेळी नेमक्या त्याच जागी कशी लागेल?" आईने हातातला डाव खाली ठेवला. संगीताच्या विषयात बाबांनी तिला गप्प केल्याची ही माझ्या माहितीतली एकमेव वेळ. तिने वही काढली, पुसलेल्या जागेवर पेन्सिलीचे पुसट व्रण दिसत होते, त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली. पण उत्तर काही तिला सापडलं नाही.

ते सापडलं त्याच्या पुढच्या शनिवारी. गावाबाहेरच्या चर्चच्या आवारात सोर्घम करायचा दिवस होता. तिथले म्हातारे वर्षातून एकदा जुन्या पद्धतीने, खेचराला जुंपून ते करत, आणि सगळं गाव बघायला जाई. बाबांच्या पेशंटांनी बोलावलं म्हणून आम्हीही गेलो. सकाळची थंडी, आईच्या अंगावर नारिंगी सुती साडी आणि वर बाबांचा जुना कोट. मी तिच्यापासून चार पावलं लांब चालत होते, माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथे होत्या म्हणून. हे लिहायलाही आज लाज वाटते. लांब चुलवणावर काहिल रटरटत होती, एक बाई झाऱ्याने मळी काढून फेकत होती, आणि आवाराच्या मध्यभागी लोखंडी चरक होता. चरकाच्या डोक्यावर एक लांब, आडवं लाकूड, त्याच्या दुसऱ्या टोकाला खेचर, आणि ते खेचर गोल गोल फिरत होतं. चरकापाशी उलट्या बादलीवर बसून एक माणूस धाटं आत सरकवत होता. लाकूड फिरत फिरत त्याच्या डोक्यापाशी आलं की तो बोलणं न थांबवता मान खाली घालायचा, लाकूड वरून जायचं, आणि तो पुन्हा धाट उचलायचा.

आई थांबली. मी मागे वळून बघितलं तर तिचा हात कपाळावर गेला होता, डाव्या बाजूला, केस सुरू होतात तिथे.

मग ती सरळ त्या माणसाकडे गेली आणि म्हणाली, "मी बसू?" तो उठला, नाही कसं म्हणणार, डॉकची बायको. आईने पदर कोटात खोचला आणि त्या बादलीवर बसली. पहिल्या दोन धाटांना तिचा हात चाचपडला, तिसऱ्यापासून तो जो चालायला लागला तो बघून चर्चमधल्या बायका कामं सोडून आमच्याभोवती जमल्या. खेचर फिरत होतं. आणि आई गुणगुणायला लागली. स्थायी, सोळा मात्रा, खेचर पलीकडे. मग अंतरा, लाकूड जवळ येतंय, जवळ येतंय, आणि आईने सूर धरून ठेवला, मान खाली घातली, लाकूड तिच्या अंबाड्यावरून गेलं, मान वर, चाल पुढे. दोन मात्रा. दुसरा फेरा. पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या फेऱ्याला मीही मोजत होते, ओठ हलवत, आणि माझ्या वर्गातल्या मुली कुठे उभ्या आहेत याचं मला भान नव्हतं. माझी आई त्या गावातल्या सगळ्या माणसांच्या मध्ये साडी नेसून खेचराच्या चरकावर बसली होती आणि तिला जे कळलं होतं ते त्या आवारात दुसऱ्या कोणालाही कळलेलं नव्हतं. इतकी देखणी ती मला त्याआधी कधी दिसली नव्हती.

आम्ही तिथून तडक प्रुइटआजोबांच्या घरी गेलो. ते पुढच्या ओसरीत बसले होते. आईच्या कोटाला धाटांचा रस लागला होता, हात चिकट होते. वाटेत गाडीत ती इंग्रजी वाक्यं मनाशी जुळवत आली होती, पण ऐन वेळी ती सगळी विसरली आणि तिला जे येत होतं त्यात तिने सांगितलं.

"मिस्टर प्रुइट, माझं चुकलं. मी तुमच्या आजीला चालीतून पुसून टाकलं. ती चरकावर बसायची ना?"

ते म्हणाले, हो, मुलगी असताना, तिच्या वडिलांच्या चरकावर. पण तो चरक त्यांनी स्वतः कधी बघितला नव्हता, आणि चर्चच्या आवारातल्या चरकाचा तिच्या चालीशी संबंध असेल असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांच्या जन्माआधीच घरचे सगळे डोंगरावरून उतरून खाणीच्या चाळीत राहायला आले होते. आजीला तिच्या घरात फिडलला हात लावू देत नसत, म्हणून तिने चाल तोंडानेच रचली आणि तोंडानेच नातवाला शिकवली. त्या जागी ती मान खाली घालायची आणि नातवंडं हसायची. का, असं विचारलं की म्हणायची, तिथे थांबायचं असतं. "मी थांबतो," ते म्हणाले. "का ते मला माहीत नाही. तिने शिकवलं म्हणून थांबतो."

आईने ओसरीच्या पायरीवर बसून त्यांना दाखवलं. हाताने धाट सरकवलं, चाल गुणगुणली, मान खाली घातली. मग तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि ती पांढरी रेघ दाखवली. सात वर्षांची असताना माझ्या आजोबांच्या गुऱ्हाळात ती गाण्याच्या नादात मान खाली घालायला विसरली होती, बैलांनी ओढलेलं लाकूड कपाळावर बसलं होतं. मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते. प्रुइटआजोबा पुढे वाकले. त्यांनी ती रेघ नीट बघितली, आणि मग त्यांचा हात आपोआप त्यांच्या स्वतःच्या कपाळावर गेला, त्याच जागी.

"ग्रॅनीला होती," ते म्हणाले. "इथेच. आम्ही विचारलं की सांगायची, पडले होते."

बाबांनी चष्मा पुसायला काढला. मग आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता गुरुजींचा कडकपणा होता, की मेजरने ही रचली असती तर त्याची सगळी फौज त्या दोन मात्रांवर एकमेकांच्या टाचांवर पाय देऊन आडवी झाली असती. मार्चच्या चालीत माणूस थांबत नसतो. प्रुइटआजोबा हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग मला म्हणाले, जा, गाडीतून तुझं फिडल आण.

उरलेल्या दिवसांत मी ती चाल परत शिकले. सोपं नव्हतं. हाताला सोळाची सवय लागली होती आणि मला दर वेळी ते लाकूड डोळ्यांसमोर आणावं लागायचं. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाला एक कार्ड भरून द्यायचं होतं: नाव, चालीचं नाव, कोणाकडून शिकलात. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'डेल्फी. रचना डेल्फी प्रॅटर, सोर्घमच्या चरकावर. शिकवली तिच्या नातवाने, हॉबर्ट प्रुइट यांनी.' मी एकटीच खुर्ची नाकारून स्टेजवर सतरंजी अंथरून बसले. हा माझाच हट्ट होता, आईचा नाही. हिरवळीवर जरा कुजबूज झाली. निवेदकाने कार्डावर एक नजर टाकली आणि सवयीने माइकमध्ये सांगितलं, आता डॉक्टरांची मुलगी वाजवेल 'मेजर हेल्टन्स मार्च'.

मी गज उचलला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. निवेदकाने खूण केली, सुरू कर. मी म्हटलं, "सर, प्लीज कार्डवर लिहिलंय ते वाचा." त्याने पुन्हा कार्ड बघितलं, मग पुतळ्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे. आणि त्याने वाचलं. पूर्ण, एकेक शब्द, चरकापर्यंत. भोंगा कोर्टाच्या भिंतीवर होता, तिथून ते नाव पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आलं, त्यामुळे डेल्फी प्रॅटर सगळ्यांना दोनदा ऐकू आली.

मग मी वाजवलं. अंतऱ्यात त्या जागेवर आले तेव्हा मी समोर बघितलं. पहिल्या रांगेत प्रुइटआजोबा आणि त्यांच्या शेजारी आई बसली होती. मी सूर धरून ठेवला आणि दोघांनी एकाच वेळी मान खाली घातली. दुसऱ्या फेऱ्याला मागच्या रांगांमध्ये, चर्चमधले जे म्हातारे चरकावर बसत त्यांच्यातल्या तिघा-चौघांची डोकी खाली गेली. तिसऱ्या फेऱ्याला किती गेली ते मी मोजलं नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं.

बक्षीस मला मिळालं नाही. प्रुइटआजोबा त्यानंतरचा हिवाळा काढू शकले नाहीत. त्यांच्या दफनाच्या वेळी आई आणि मी ती चाल दोन व्हायोलिनवर वाजवली, ओल्या गवतावर सतरंजी टाकून. इतिहासाच्या त्या जाड पुस्तकात अजून मेजरचंच नाव आहे असं ऐकते. पण त्या डोंगरातली पोरं आता ती चाल वाजवतात ती अठरा मात्रांच्या अंतऱ्यासकट, आणि तिला 'डेल्फी' म्हणतात. आईला हे तिच्या शेवटच्या वर्षांत मी फोनवर रेकॉर्डिंग लावून ऐकवलं होतं. तिने डोळे मिटून मात्रा मोजल्या, आणि मग म्हणाली, "बरोबर आहे. आता कोणी नीट करायला जाऊ नका म्हणावं."

आता मी केंटकीपासून दूर, बॉथेल नावाच्या गावात राहते. माझ्या आणि नवऱ्याच्या डिग्र्या कुठल्याशा खोक्यात आहेत. दिवाणखान्याच्या भिंतीवर फक्त एक कागद फ्रेम करून लावला आहे, त्या दिवशीच्या परीक्षकाची चिठ्ठी. घरी येणारे लोक ती जवळ जाऊन वाचतात आणि संकोचून माझ्याकडे बघतात. त्यावर लिहिलंय: 'स्वर उत्तम. वरच्या भागात थांबते. दोन गुण वजा.'